पिंपाच्या लाकडाचं घड्याळ

लाकूड हाती आलं की बाई आधी त्याचा वास घ्यायच्या. मग तीच फळी माझ्या नाकापुढं धरायच्या. "घ्या की मिस्तरी! वासानं थोडीच चढती!"

मी उभ्या जन्मात दारूला शिवलो नाही. मान फिरवायचो. त्या खुदकन हसायच्या.

गारखेड्यात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, शेजारी माझं सुतारकाम. दारूच्या कारखान्यातली व्हिस्कीची मोडकी लाकडी पिंपं भंगारात यायची. त्या लाकडाची बाई मनगटी घड्याळं घडवायच्या. आतलं मशीन तेवढं लोखंडाचं, बाकी डबी, तबकडी सगळं लाकूड. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण लाकडातलं मला कळतं. म्हणालो, "बाई, लाकूड फुगतं. हे टिकायचं नाय."

"म्हणून तर पत्र्यावर दोन उन्हाळे वाळवते," त्या म्हणाल्या. एकही घड्याळ फुगलं नाही. मी ते कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढं त्यांना काचबिंदू झाला. एकच वाळलेली फळी उरली होती. "नजर हाय तवर एवढं एक होईल," म्हणाल्या, आणि फळी पातळ करायला माझ्याकडं दिली.

फळी एका अंगानं काळीकुट्ट. सुताराचा हात, घाण दिसली की रंधा चालतोच. तुम्हीही तेच केलं असतं. गोरीपान करून नेऊन दिली.

बाईंनी तिच्यावर बोट फिरवलं. "काळं कुठं गेलं?"

"काढलं. घाण होती."

"अहो, ती पिंपं आतून जाळत्यात. जळक्या लाकडातच दारू मुरती. त्या काळ्याचीच तबकडी करायची होती मला."

मी माफी मागणारा माणूस नव्हे. दुकानात आलो, जमिनीवर बसलो आणि भुशातनं काळे काप एकेक वेचले. मूठभर निघाले. ते त्यांच्यापुढं ठेवले.

बाईंनी काप खलात कुटले, सरसात कालवले. डोळ्याला भिंग लावून गोऱ्या तबकडीवर सुईनं केसाएवढ्या चरी पाडल्या आणि त्यांत ते काळं भरलं. नवाच्या आकड्यापर्यंत नजर पुरली. पुढचे तीन त्यांनी नखानं चाचपत कोरले. चाळीस वर्षं मी लाकूड कापलं, पण असा हात पाहिला नाही.

घड्याळ टिकटिकलं तसं त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमची चूक हाय, तुम्हीच बांधा."

बाई आता नाहीत. उन्हात मनगटाला घाम आला की घड्याळाचा वास सुटतो. परवा कन्नडला जाणाऱ्या एसटीत शेजारच्यानं नाक मुरडलं. "काय बाबा, सकाळीच?"

मी मनगट त्याच्या नाकापुढं धरलं. "घ्या की! वासानं थोडीच चढती!"