तपासणीबाई आणि इनासाचा डावा कान

तपासणीबाईंना मुलांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत, दुखणी राहत. वर्षातून एकदा त्या सरकारी दवाखान्यातून आमच्या तोंडवलीच्या शाळेत येत, वजनकाटा ओट्यावर मांडत आणि मागच्या खेपेच्या पोरांना हाका मारू लागत. "गो टॉन्सिल, हयसर ये. रे किडक्या दाढे, आ कर बघूया." हेडमास्तरांशी मात्र त्या शुद्ध मराठीत बोलत. त्यामुळे तेही टरकून असत.

माझं दुःख असं, की मला काही होतच नव्हतं. जीभ गुलाबी, दात शाबूत. माझ्या कार्डावर बाई दरवर्षी 'निरंक' लिहीत आणि मान वर न करता म्हणत, "पुढचो." हाक मारावी असं माझ्याकडे होतं काय?

आणि माझ्याच बाकावर इनास. पाचवीत त्याचा डावा कान वाहू लागला. बाईंनी त्याला जवळ घेतलं, कान कापसाने पुसला आणि जाहीर केलं, "ह्येका ओरोसाक न्हेवक व्हया." तिथल्या मोठ्या इस्पितळात स्वतःच नेलं, एसटीने, खिडकीशी बसवून. परत आला तो कानात बोळा मिरवत. "बाईन पेरू घेतल्यान," तो मला म्हणाला, "अर्धो आपण खाल्ल्यान, अर्धो माका." त्या अर्ध्या पेरूपायी आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या तपासणीला मी डोळे अधू करायचं ठरवलं. तक्त्यावरच्या चिन्हाचं तोंड जिकडे, तिकडे हात दाखवायचा असे. मी दर वेळी नेमका उलट दिशेला दाखवला. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"ज्याका दिसणा नाय, तेची दोन-चार तरी नशिबान बरोबर येतत. सगळीच चुकवक डोळे झकास लागतत. पुढचो."

सगळ्यांत मोठ्याने हसला इनास.

निवृत्तीनंतर बाई आचऱ्याला राहिल्या. इनास दर रविवारी चर्चमधली मिसा आटपून त्यांच्याकडे मासे घेऊन जातो, हे मला पन्नाशीत कळलं. इतकी वर्षं, आणि मला पत्ता नाही. मग गेल्या वर्षी मीही त्याच्या स्कूटरवर मागे बसलो.

बाईंना आता कमी दिसत होतं. पावलं ऐकून त्या म्हणाल्या, "डावो कान इलो?"

"इलंय, बाई."

"आणि ह्यो कोण?"

इनासाने माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. बाईंना ओळख लागेना. शेवटी त्यांनी मला पुढ्यात ओढलं, खालची पापणी ओढून डोळा पाहिला, मग मनगट धरलं. बराच वेळ. मी, तीन पोरांचा बाप, मनात म्हणत होतो, निदान ब्लडप्रेशर तरी निघू दे.

"ह्येका काय्येक झाला नाय," त्या म्हणाल्या, आणि इनासाकडे वळल्या. "तू कान दाखय."

यंदा बाई गेल्या. त्यांचं रक्ताचं कुणी नव्हतं. ज्यांना त्यांनी कधीकाळी ओरोसला नेलं होतं, ती सगळी जाणती माणसं त्यांच्याभोवती बसून रडत होती. इनास उशाशी. त्याने मला हाताने पुढे बोलावलं, पण कुठल्या हक्काने जाणार? आम्ही धडधाकट माणसं मागे कुंपणाशी उभे होतो.