बांगड्याचे काटे

माझ्या पहिल्या कादंबरीत घडत फारसं काही नाही. एक घर, एक दिवस आणि सात जणांच्या मनातली बडबड. त्यांतली आठ वर्षांची हळवी मुलगी म्हणजे मीच, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या संपादकबाईंना नेमकी तीच खुपली. एवढ्याशा पोरीला इतकं कळत नसतं, तिला काढा, म्हणाल्या. राग आला, पण पहिलंच पुस्तक, अडला हरी. ‘बघते’ म्हणून मी फोन ठेवला.

मे महिन्यात संगमेश्वरजवळच्या आमच्या घरी गेले. घरावर लिहिलंयस तर आधी घरात वाच, असं काकांनी बजावलंच होतं. मीही ठरवलं, मुलीचं प्रकरण वाचायचं आणि इथंही ते खोटं वाटलं तर तिला काढून टाकायचं. दुपारची जेवणं झाल्यावर पडवीत वाचायला बसले.

प्रकरणात बारा माणसं जेवून उठतात आणि धाकटी सून मागाहून एकटी बसते. तिच्यासाठी बांगडा उरलेला नसतो. ती उष्ट्या ताटांतले काटे उचलून आपल्या ताटाच्या कडेला मांडते आणि भातावर नुसतं कालवण घेते. सासू डोकावलीच, तर हिलाही मासा मिळाला असं दिसावं. मुलगी दाराआडून हे बघते आणि तिला रडू फुटतं.

काका हसले. आपल्या घरात मासा कधी कमी पडला नाही, असलं नाटक कोण करील, आणि ही पोर तर उगाच रडकी, म्हणाले. माझं तोंड एवढंसं झालं. लहानपणी दाराआडून खरंच पाहिलं होतं की मीच मनानं रचलं, मलाच शंका आली. पेन काढून मी पानावर रेघ ओढायला घेतली.

काकी अंगणात कोकमं वाळत घालत होती. तशाच लाल हातांनी ती पायरीशी आली.

“थांब गो बाय. ती मी. लग्न झाल्यावर पाच-सहा वर्षं अशीच जेवले. मला वाटलेलं, कोणी बघितलंन नाय.”

काकांचं हसू मावळलं. मला रडू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची लाज वाटली नाही. ज्या हळवेपणावरून घरानं मला जन्मभर चिडवलं, त्यानंच खरं काय ते पाहिलं होतं.

रेंज विहिरीपाशीच मिळते. तिथून संपादकबाईंना फोन लावला. मुलगी राहणार, म्हटलं. ती नको असेल तर पुस्तकही नको. बाईंनी पुन्हा तेच सुरू केलं, लहान मुलांना एवढं दिसत नाही. काकी माझ्या मागोमाग आली होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“ओ बाई, काटे मांडणारी मी हितं उभी हाय,” ती म्हणाली. “पोरीनं बघितलंन. छापा.”