देवनहळ्ळीचा दगड आणि भटकं यंत्र

ऑफिसात मॅडम म्हणून मिरवणाऱ्या बाईने आपली फजिती चारचौघांत सांगावी का? सांगू नये खरं तर. पण चहा गरम आहे, तुम्हीही घरचेच. ऐका.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. लेक पाच महिन्यांची झाली आणि मी बसवनगुडीच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाले. पहिलंच काम शहराबाहेर देवनहळ्ळीला, तेही नव्या यंत्राबरोबर. हातात मावणारं, उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगणारं! साहेबांनी बजावलं होतं, शेतातल्या सर्व्हेच्या दगडापाशी अर्धा तास थांबा, यंत्र सरासरी काढेल. ती नकाशाशी जुळली तर फील्डचं काम तुमचं. नाही तर टेबल आहेच.

सोबत तुकोजीअण्णा, चाळीस वर्षं मोजणीची साखळी ओढलेले. गवतात बुडालेला दगड त्यांनी देवळापासून पावलं मोजत येऊन पायाच्या अंगठ्याने शोधला. मी बघतच राहिले. त्यांना कसला उपग्रह लागतोय!

मी यंत्र सुरू केलं. अर्ध्या तासाने आकडे नकाशावर ताडले, तर आमचा दगड शेजारच्या द्राक्षमळ्यात! सेल बदलले. पुस्तिका चाळली. सेटिंग बरोबर, डोक्यावर आभाळ मोकळं. पुन्हा अर्धा तास. आता दगड विहिरीत! लेकीने दूध घेतलं असेल का, सासूबाईंना ती आवरत असेल का, या काळजीत आता दगडाची भर. तिसऱ्यांदा यंत्र लावलं आणि म्हटलं, हे बिघडलंय, परत पाठवावं लागणार.

अण्णा बांधावर बसून मघापासून माझ्याकडेच बघत होते.

"अक्का, एक सांगू? रागवू नका."

"सांगा ना, अण्णा."

"ते रडत नाही. स्वल्प खाली ठेवा की."

मी स्वतःकडे पाहिलं. यंत्र खांद्याशी टेकवलेलं, डावा हात त्याला थोपटतोय, आणि मी दगडापासून चांगली पन्नास पावलं लांब! घरी पाच महिने लेकीला घेऊन घातल्या, तशाच येरझाऱ्या. बांधालगतच्या गवतात पायवाट पडली होती हो! यंत्र बिचारं मी नेईन तिथली जागा सांगत होतं, तीही माझ्याच अंगाआडून दिसेल तेवढ्या आभाळावरून.

निमूटपणे ते दगडावर ठेवलं. ऊन लागेल म्हणून पदर धरायला गेले, तर अण्णांनी नुसती मान हलवली. अर्ध्या तासाने आमचा दगड नकाशावरही जवळजवळ जागेवर आला.

संध्याकाळी साहेब खूश. पण पहिले दोन आकडे का चुकले, बिघाड कुठे होता, असं त्यांनी विचारलंच. मी आकड्यांची फाईल उचलून जवळ घेतली. अण्णांनी मनात आणलं असतं तर माझं टेबल पक्कं होतं.

"बिघाड नव्हता, सर," अण्णा शांतपणे म्हणाले. "पहिला दिवस. रुळायला वेळ लागतो."

केवढा मोठा माणूस! मी सुटकेचा श्वास सोडला. साहेब मात्र माझ्याकडेच बघत होते.

"ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण मॅडम, तुम्ही त्या फायलीला का थोपटताय?"