दोन बोर्डांची शर्यत आणि पाहणारी आई

मंडळी, आज दुपारी माझ्या जुन्या आठ बिटच्या आणि नव्या बत्तीस बिटच्या बोर्डाची, म्हणजे तळहाताएवढ्या दोन छोट्या संगणकांची, शर्यत लावली. दोघांनाही दशांश अपूर्णांकांचे तेच गुणाकार-भागाकार दिले. काम संपलं की दिवा लागेल, असा प्रोग्राम टाकला.

नव्याचा दिवा लगेच लागला. जुना बराच वेळ गणित करत बसला.

आनंदाने पुण्यातल्या मित्राला फोन लावला. पहिला बोर्ड आम्ही दोघांनी इथेच, नागभीडला जोडला होता. तो म्हणाला, "अरे, ते सगळं सोडलं मी आता. नंतर बोलू."

मग आईला बोलावलं. ती तांदूळ निवडणं सोडून आली, दिव्यांकडे पाहत बसली.

"हे पाहाले आनखी कोनी येनार हाय का?"

"नाई."

ती उठली नाही. म्हणाली, "मंग अजून एकडाव लाव. मी पाहून राह्यली."

मी पुन्हा लावलं. जुन्याचा दिवा लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण ती शेवटपर्यंत थांबली.

तुमच्या गावात अशा गोष्टी बोलायला कोणी नसेल, तर तुम्ही कोणाला सांगता?