पाचव्या भाषेतलं जुनं नाव

माझ्या धाकट्या भावाची मुलगी नावं जुळवण्याचं काम करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एकच पात्र पाच नाटक मंडळ्या रंगवणार असतील, तर पोशाख ज्याच्या त्याच्या रीतीचा चालतो, पात्र मात्र प्रेक्षकाला ओळखू यावं लागतं. भाचीचं काम तसलंच.

तिची कंपनी धोक्याचे इशारे पोचवायची. आजाऱ्याच्या पलंगाखालच्या यंत्राने खबर द्यायची की परिचारिकेच्या फोनवर घंटा वाजायची. इतर संस्थांना ही सेवा जोडून घेता यावी म्हणून कंपनी तयार कोड देई, त्याला लायब्ररी म्हणतात. प्रोग्रामिंगच्या पाच भाषा, म्हणून पाच लायब्रऱ्या. लिहिणारेही पाच, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. त्याच कामाला एकाने ‘निरोप दे’ म्हटलेलं, दुसऱ्याने ‘कळव’, तिसऱ्याने ‘हाक मार’. भाचीने सगळीकडे ‘इशारा पाठव’ केलं. एका भाषेत दोन शब्दांमध्ये रेघ, दुसरीत पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, पण नाव एकच. ऑफिसात तिला मास्तरीणबाई म्हणत.

नाव बदललं तरी जुनं काही काळ चालू ठेवायची पद्धत आहे. ती मुदत संपली तेव्हा तिच्या शेजारी बसणारा चष्मेवाला म्हणाला, “बाई, पाचव्या भाषेत जुनं नाव राहू द्या अजून.”

“का? तिचेच का लाड?”

“ती आधी तपासत नाही.”

खरं होतं ते. इतर चार भाषांत नाव हरवलं तर प्रोग्राम तयार होतानाच बोंब होते. पडदा उघडण्याआधी हजेरी घेतल्यासारखी. पाचवीत मात्र त्या पात्राचा प्रवेश येतो, विंगेत कुणीच नसतं, आणि तेव्हा कळतं.

“वर्षभर सूचना देतोय आपण,” भाची म्हणाली. “झोपलेल्यांना किती उठवायचं?”

“इस्त्री कपड्यांना करतात, बाई. माणसांना नाही.”

तिने पाचही ठिकाणची जुनी नावं एकदमच काढली.

एका वृद्धाश्रमाचं काम पाचव्या भाषेत होतं, आणि तिथला प्रोग्रामर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. सूचना वाचायला कुणी नव्हतं, नवी लायब्ररी मात्र आपोआप आली. एका दुपारी एक आजोबा पलंगावरून पडले. यंत्राने जुन्या नावाने हाक घातली. ते नाव उरलंच नव्हतं. आश्रमातली मावशी चहा घेऊन गेली तेव्हा आजोबा गार पडले होते.

घंटा ऐकूनही गेली नाही, असं म्हणत आश्रमाने परिचारिकेला घरी बसवलं. इकडे साहेबांनी भाचीला सांगितलं, “आपण सूचना दिली होती, एवढंच बोलायचं. त्या बाईचं ते बघून घेतील.”

महिनाभर ती गप्प राहिली. मग माझ्याकडे आली. “आत्या, सूचना दिली होती, त्यात खोटं काहीच नाही गं.”

“मग जेवत का नाहीस?”

“खरं बोलले तर या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही.”

संवाद दुसऱ्याला पाठ करून देता येतो, पण तो म्हणायला ज्याचं त्यालाच उभं राहावं लागतं. आजोबांच्या मृत्यूच्या चौकशीच्या दिवशी मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. तिचा आवाज इतका बारीक की शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नसता.

“घंटा वाजलीच नाही. जुनं नाव मी काढलं होतं. मला बजावलं होतं, तरी काढलं.”

साहेब उठून माझ्या समोरून फोन करत गेले. तिची नोकरी तिथेच संपली.

भाची बाहेर आली. मागोमाग परिचारिका आली, माझ्या शेजारी टेकली. पन्नाशीची असेल. “मला वाटायला लागलं होतं, वाजली असेल,” ती भाचीला म्हणाली. “माझंच लक्ष नसेल. हल्ली भांडं पडलं तरी दचकते मी.”

मग तिने भाचीकडे वर पाहिलं.

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“दुसऱ्याच दिवशी.”

परिचारिकेने पिशवी उचलली. भाची लिफ्टचं दार धरून उभी राहिली होती. ती बाई जिन्याने गेली.