बुटक्या व्हॅनची काच

काचवाल्याला जगातली फार थोडी माणसं पसंत होती आणि त्यातली बरीचशी आता हयात नव्हती. उरलेल्यांची त्याने प्रतवारी लावून ठेवली होती. खिडक्या बसवणारे म्हणजे नुसते खिळे ठोकणारे. आरसे विकणारे म्हणजे दुसऱ्याच्या थोबाडावर पोट भरणारे. आणि जुन्या गाड्या नटवणारे? त्यांच्यावर तो शब्दही खर्च करत नसे, नाकातून नुसतं ‘हं’ करायचा.

त्याच्या एकुलत्या एका मुलीने नेमका असला गाड्या नटवणाराच नवरा शोधून काढला.

दुकानात एक लांब टेबल होतं, त्यावर जुनं घोंगडं अंथरलेलं. टेबलाच्या वर खुंटीला हातमोज्यांचे दोन जोड लटकत असायचे. एक त्याचा, दुसरा पलीकडचं टोक धरणाऱ्याचा. दुकानाचा नियमच होता, हातमोज्यांशिवाय काचेला बोट लावायचं नाही. पलीकडचं टोक धरायला माणसं यायची, पण त्याच्या जिभेपुढे कोणी टिकायचं नाही. शेवटी मुलगीच शाळेतून आली की हातमोजे चढवून उभी राहायची. काही तडकलं की तो म्हणायचा, “काच फुटत नसते, हात फुटका असतो.” हात अर्थातच नेहमी दुसऱ्याचा असायचा. लग्न होईपर्यंत तिने हे वाक्य इतकं ऐकलं की ऐकू येईनासंच झालं.

आता जावयाने एक जुनी व्हॅन घेतली होती. मुलीला तिच्यात शिलाईयंत्र ठेवून फिरतं शिवणकाम करायचं होतं, गिऱ्हाइकांना वार वाटून दिलेले होते. इतकं सरळ काम, पण या कलाकाराने गाडीचा टप कापून वीतभर खाली घेतला. का, तर रुबाबदार दिसते म्हणून! मग ध्यानात आलं, पुढची काच आता चौकटीपेक्षा उंच झाली.

“वा, जावईबापू!” काचवाला व्हॅनभोवती एक फेरी मारून म्हणाला. “टोपी लहान केलीत, आणि आता म्हणता डोकं कापा.”

“बाबा, मला वाटतं मध्ये एक पट्टी टाकून सपाट काचेचे दोन तुकडे बसवू,” जावई म्हणाला. “ही वळणदार काच कापायला धोक्याची आहे. भंगारात हिंडून हिंडूनही अशी दुसरी मिळाली नाही.”

“दोन तुकडे? गाडीला चष्मा लावताय? धोका तुमच्यासारख्यांना. माझा हात आहे हा.”

जावई गप्प बसला. गप्प बसणाऱ्या माणसाला अक्कल नसते, असं काचवाल्याचं ठाम मत होतं.

मुलगी गाडीच्या पडद्यांचं कापड आणायला गेली होती. काच टेबलावर आली. मोटारीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर काच कापायची हिरकणी फिरवायची, हलके ठोकून तडा न्यायचा, मग फटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. पापुद्रा मऊ झाला की पातं घालून सोडवायचा. तेवढा वेळ सुटणारा भाग कोणीतरी पेलून धरावा लागतो, नाहीतर तो आपल्याच वजनाने खाली ओढला जातो आणि तडा वाट सोडून पळतो.

जावयाने खुंटीकडे हात नेला.

“राहू द्या,” काचवाला म्हणाला. “तुमचा हात लागला की बाकी बघायलाच नको. तिकडे उभे राहा आणि शिका.”

त्याने पलीकडे एक उशी सरकवली. आयुष्यभर माणसांना नावं ठेवली, आता त्यांच्या जागी उशी ठेवली. हिरकणी मात्र सुरेख चालली, नाही म्हणायची सोय नाही. स्पिरिटची निळी ज्योत रेषेवरून धावली. उशी काचेच्या वळणाखाली दबली, टोक झुकलं आणि तडा रेष सोडून थेट काचेच्या मधोमध चढला.

काचवाला पात्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत प्रथमच टेबलापाशी दोष द्यायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात मुलगी कापडाचं गाठोडं घेऊन दारात आली. तिने काच पाहिली आणि गाठोडं तिच्या हातून खाली घसरलं.

“माझा हात सुटला,” जावई चटकन म्हणाला. “मी धरली होती.”

म्हाताऱ्याला वाचवायला त्या ‘कलाकारा’ने फुटका हात आपल्या अंगावर घेतला होता. म्हातारा आता एक शब्द खरा बोलला असता तर त्याची थोडी तरी लाज राहिली असती. पण पडलं तरी नाक वर! त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “मी सांगत होतो. काच फुटत नसते, हात...”

“बाबा.”

मुलगी टेबलापाशी आली. तिने तडा बघितला नाही, उशीही बघितली नाही. वर हात करून तिने खुंटीवरचा दुसरा जोड काढला. त्यावर धूळ बसली होती आणि बोटं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवत ती म्हणाली, “लग्नाच्या आदल्या दिवशी मीच अडकवले होते हे. तेव्हापासून कोणी घातलेच नाहीत.”



तिने हातमोजे झटकले आणि बापापुढे धरले. “सपाट काच आणूया. दोन तुकडे तो कापेल. तुम्ही पलीकडचं टोक धरा.”

काचवाल्याने नाकातून ‘हं’ करायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही. मग त्याने हात पुढे केला आणि हातमोजे चढवले. ते त्याला घट्ट होत होते. त्याने ते मुलीच्या मापाचे घेतले होते.