दारासमोरचा त्रेचाळीस इंची

आमच्या राजारामला टीव्हीतलं जेवढं कळतं, तेवढं टीव्ही विकणाऱ्याला पण कळत नाही. धाकटा भाऊ आहे म्हणून सांगत नाही. शाळा आठवीत सुटली, पालिकेच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं घासली, पण दादरच्या दुकानात त्याने सेल्समनला घाम फोडला, ही गोष्ट खरी.

बाकीची गिऱ्हाईकं टीव्हीसमोर उभी राहून "कलर मस्त आहे" म्हणत होती. राजाराम मात्र मागे मागे सरकत दुकानाच्या दारापर्यंत गेला. तिथून डावीकडे गेला, उजवीकडे गेला. शेवटी खाली उकिडवा बसला आणि मान वर करून बघायला लागला.

सेल्समन धावत आला. "काका, चक्कर आली का?"

"तिरका दिसतो का बघतोय. लांबून, दाराबाहेरून."

"दाराबाहेरून कोण टीव्ही बघतं, काका?"

"तुला नाय कळायचं," राजाराम म्हणाला आणि तिरक्यातही स्वच्छ दिसला तो त्रेचाळीस इंची घेऊन आला. बत्तीसचा लांबून कमी पडला असता आणि पंचावन्नचा त्या भिंतीला मावला नसता. त्याचा हिशेब पक्का.

मग फिटिंगवाला आला. भोईवाड्यातली आमची जुनी चाळ पाडून त्याच जागी टॉवर उभा राहिलाय, त्यात चौदाव्या मजल्यावर राजारामचं घर. एका भिंतीला बुद्ध आणि बाबासाहेब, समोर सोफा. सगळ्या जगात टीव्ही लागतो सोफ्यासमोर. राजारामने बोट दाखवलं मेन दरवाजासमोरच्या भिंतीवर, आणि तेही वर, पार डोक्याच्या वर.

"काका, एवढ्या उंच? टीव्ही लावायचाय का बँकेतला टोकन नंबर?"

"तू ड्रिल मार."

त्याची बायको सुनेत्रा किचनच्या दारात कपाळाला हात लावून उभी होती.

राजारामच्या डोक्यात काय होतं ते कळायला जुन्या चाळीत जायला लागेल. आमचे वडील कोंडीराम कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पूर्ण मजल्यावर पहिला टीव्ही त्यांनी आणला. ब्लॅक अँड व्हाईट, पुढे लाकडाचं सरकतं शटर, त्याला कुलूप. तो टीव्ही त्यांनी दारासमोर, लोखंडी कपाटावर चढवला. खाली पोरं मांडी घालून बसायची, मागे बाया, मागे उंबऱ्यावर म्हातारे, त्याच्यामागे पॅसेजमध्ये उभे बाप्ये. टीव्ही कपाटावर होता म्हणून कुणाचं डोकं मध्ये यायचं नाही. शनिवारचा मराठी पिक्चर लागला की राजारामचं काम एकच, दाराबाहेरच्या चपला जोड्याजोड्याने लावायच्या. चपला बघून तो सांगायचा, आज माझगावची आत्या आलीय, आज कॉटन ग्रीनचा मामा आलाय. पिक्चरपेक्षा त्याला चपलाच जास्त पाठ.

आणि समोरच्या खोलीतली जाईमावशी. ती कधी आत आली नाही. पॅसेजच्या पलीकडे स्वतःच्या दारात पाट टाकून बसायची, मांडीत सूप, सुपात सोलायचा लसूण. कुणी म्हटलं, "आत ये गं," तर उत्तर ठरलेलं, "नको बाय, दूध हाय स्टोव्हवर." एक डोळा दुधावर, एक डोळा आमच्या टीव्हीवर. आणि तिथूनच सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "अगं लग्न नको करू त्याच्याशी, मुडदा हाय तो!" सगळी खोली हसायची. नटीचं वाटोळं झालं की मावशीचा शब्द खरा ठरायचा.

टॉवरची सोडत निघाली आणि नशीब बघा, जाईमावशीच्या मुलाला पण चौदावा मजला लागला, दार अगदी समोरासमोर. त्या दिवशीच राजारामने भिंत ठरवली होती.

पण दोन महिने झाले तरी त्याच्या दाराबाहेर एक चप्पल दिसली नाही. त्याने चाळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "शनिवारी पिक्चर, सर्वांनी येणे." अकरा अंगठे आले, माणूस एक नाही. जाईमावशी लिफ्टमध्ये भेटली की "जय भीम, बरा हाय ना रे राजा?" एवढंच बोलायची. टीव्हीचं नाव नाही. राजारामला ते फार लागलं. जेवताना पोळी तशीच ताटात राहायची.

घरात वेगळीच बोंब. सोफ्यावरून मान वाकडी करून, वर करून बघायचं. सुनेत्राच्या मानेला रोज बाम.

"अहो, मी सिरियल बघते की विमान? खाली घ्या तो टीव्ही."

मुलगा हर्षवर्धन तर हसून बेजार. "पप्पा, स्टेडियम बांधलंत, प्रेक्षक कुठायत?"

"येतील."

"दोन महिने येतायत. शनिवारी सहाला मी फिटिंगवाल्याला बोलावलंय. तोपर्यंत एक जरी माणूस आला ना, टीव्ही जिथं आहे तिथं राहील. नाहीतर सोफ्यासमोर, खाली. डन?"

"डन," राजाराम म्हणाला. शब्दाचा पक्का माणूस, वडिलांवर गेलाय.

शनिवार उजाडला. साडेपाचला टीव्हीवर जुना मराठी पिक्चर लागला. राजारामने मुद्दाम आवाज वाढवला. कुणी नाही. सहाला दहा कमी असताना त्याला बसवेना. फिटिंगवाला आला की त्याला लिफ्टपाशीच गाठावं, अर्धा तास मागून घ्यावा, म्हणून तो बाहेर पॅसेजमध्ये गेला. मागे दार आपलं आपण बंद झालं. टॉवरची दारंच तशी, सोडली की खटकन बंद.

आणि एकदम सगळं शांत.

राजाराम जागच्या जागी उभा राहिला. आत टीव्ही बोंबलत होता आणि बाहेर टाचणी पडल्याचा आवाज नव्हता. त्याने दाराला कान लावला. स्वतःच्या घरातला टीव्ही त्याला ऐकू येईना.

त्याला वडील आठवले. कोंडीरामांनी जन्मात कुणाला "टीव्ही बघायला या" म्हटलं नव्हतं. ते फक्त दार उघडायचे, मग शटर सरकवायचे. आधी दार, मग टीव्ही. राजारामने भिंत बरोबर घेतली, उंची बरोबर घेतली, इंच बरोबर घेतले आणि दारच विसरला.

त्याने बेल दाबली. सुनेत्राने दार उघडलं.

"काय झालं हो?"

"वरवंटा कुठाय?"

"आता काय वाटायचंय?"

चाळीतून आणलेला आईचा वरवंटा किचनच्या ओट्याखाली होता. राजारामने तो उचलला आणि उघड्या दाराला टेकवून ठेवला. दार वरवंट्याला अडलं, पुढे सरकलं नाही. पिक्चरमधलं गाणं पॅसेजभर गेलं.

एक मिनिट झालं असेल. समोरच्या दाराची कडी वाजली. जाईमावशी डोकावली, डोळे बारीक केले.

"अय्या, चालू हाय व्हय रे टीव्ही?"

"रोज चालू असतो, मावशी. तू येत नाहीस."

"कशी येऊ? कोंडीरामाच्या घराचं दार टीव्ही चालू असताना बंद, असं मी कधी बघितलंच नाय. मला वाटलं, बिघडलाय, लाजेनं सांगत नाय."

राजाराम हसायला लागला. हसता हसता त्याने नाक पुसलं.

"ये ना आत."

"नको बाबा, दूध हाय गॅसवर." तिने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, स्वतःच्याच उंबऱ्यात ठेवली, बसली. "हां, दिसतंय. लई भारी. तोंडावरचे तीळ पण दिसतायत."

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि फिटिंगवाला ड्रिलची पेटी घेऊन नेमका दोन दारांच्या मध्ये उभा राहिला.

"काका, कुठे घ्यायचा खाली?"

"ए बाजूला हो!" मावशी पलीकडून ओरडली. "आणि खाली कोण घेतंय? हात लावून तर बघ! खाली घेतलास तर मला काय ह्या राजाचं टक्कल बघायचंय?"

फिटिंगवाला भिंतीला चिकटला. हर्षवर्धनने मावशीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि खिशातून पाकीट काढलं. "दादा, येण्याजाण्याचे घ्या. कॅन्सल."

"पण मावशी आत नाही आल्या," सुनेत्रा म्हणाली.

"ती कधी आत येत होती?" राजाराम म्हणाला आणि सोफ्याचं एक टोक धरलं. "धर तिकडून. सोफाच फिरवू."

बापलेकांनी सोफा फिरवला. आता पाठ दाराकडे, तोंड टीव्हीकडे. मान वर करायला लागायचीच, म्हणून सुनेत्राने बामची बाटली हाताशी ठेवली.

"राजा, आवाज वाढव रे!" पलीकडून हाक आली. "आणि त्या पोरीला सांग, लग्न नको करू त्याच्याशी!"